दुखत नाही, म्हणतो

प्रबोध खंडारे सिंगापूरला येणार म्हटल्यावर नरेश तायडेला आनंद व्हायला हवा होता.

मेसेज आला तेव्हा तो सेम्बावांगच्या आपल्या फ्लॅटमध्ये लेकीच्या युनिफॉर्मला इस्त्री करत होता. ‘पंधरा वर्षांखालच्या पोरींची सॉफ्टबॉल टीम घेऊन येतोय, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात. पोरींसोबत मॅडम आहेत, त्या हॉस्टेलला उतरतील. मी पहिले दोन-तीन दिवस तुझ्याकडे. वहिनींना सांगून ठेव.’ नरेशने तो दोनदा वाचला, इस्त्री उभी केली आणि बटण बंद करून खुर्चीवर बसला.

“कुणाचा रे?” प्रियदर्शिनीने, त्याच्या बायकोने, आतून बाहेर येत विचारलं.

“प्रबोधचा. येतोय म्हणे.”

“अरे वा! मग तुझा चेहरा असा काय पडलाय?”

“कुठे काय,” नरेश म्हणाला आणि पुन्हा इस्त्री लावली.

सिंगापूरच्या मराठी मंडळींत नरेशला मान होता. प्रियदर्शिनी चिप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनीअर. तिच्या नोकरीमागे तो इथे आला, पुढे दोघांना पीआर, म्हणजे कायम राहायची परवानगी, मिळाली. तो एका क्रीडा अकादमीत मुलामुलींना बेसबॉल आणि सॉफ्टबॉल शिकवायचा. अकादमीच्या वेबसाइटवर त्याच्या फोटोखाली लिहिलं होतं, ‘जपानमधील व्यावसायिक बेसबॉलचे माजी कॅचर’. ते खोटं नव्हतं. जपानच्या एका लहानशा बंदरगावातल्या क्लबकडून तो चार हंगाम पगार घेऊन खेळला होता. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं चेंडू लागून लागून वाकडी झाली होती, आणि जाई, त्याची अकरा वर्षांची मुलगी, ती बोटं मैत्रिणींना कौतुकाने दाखवायची. “सी, माय पप्पा, रिअल प्रो, लाह!” मैत्रिणी डोळे विस्फारायच्या. नरेश हात खिशात घालायचा. लोकांना वाटायचं, काय विनम्र माणूस आहे.

नरेश आणि प्रबोध दोघेही अमरावतीचे. नरेश शहरातला, बापाची एसटीत नोकरी. प्रबोध दर्यापूरकडच्या खेड्यातला, शिकायला शहरात आलेला. दोघांची गाठ सॉफ्टबॉलच्या मैदानावर पडली. नरेश बुटका आणि रुंद. कॅचर व्हायला कुणीच तयार नसायचं, कारण भर उन्हात तोंडावर जाळीचा मास्क, छातीवर पट्टा, नडगीवर कवच चढवून दोन तास उकिडवं बसावं लागतं. नरेशला मात्र ते काम आवडलं. मैदानावरचे आठ जण एकीकडे तोंड करून उभे असतात आणि कॅचर एकटाच उलट त्यांच्याकडे तोंड करून बसतो. त्याला सगळ्यांचं सगळं दिसतं. कुणाचा पाय मुरगळलाय, कुणाचं लक्ष नाही, कोण घाबरलाय.

प्रबोधचा हात म्हणजे निराळीच गोष्ट होती. मैदानाच्या शेवटच्या टोकावरून तो चेंडू फेकायचा तो टप्पा न पडता सरळ नरेशच्या हातमोज्यात येऊन बसायचा. पुढे दोघेही बेसबॉलकडे वळले. प्रबोध पिचर झाला, म्हणजे चेंडू टाकणारा, आणि त्याचा चेंडू झेलायला नरेश. राष्ट्रीय स्पर्धेत एका जपानी प्रशिक्षकाने प्रबोधला पाहिलं. वेगमापक यंत्रावरचा आकडा पाहून त्याने यंत्र हलवून पाहिलं म्हणतात. त्याने प्रबोधला क्लबचं बोलावणं दिलं आणि मग म्हणाला, “याच्याशी बोलणारं आणि याचा चेंडू झेलणारं कुणीतरी लागेल.” अशा रीतीने नरेशही गेला. हे तो कधी विसरला नाही. बोलावणं प्रबोधच्या हाताला होतं. तो त्या हातासोबत आलेलं सामान होता.

जपानी भाषा नरेशने जिद्दीने उचलली. वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या बाईंच्या मागे मागे फिरून, भांडी विसळता विसळता तो शब्द विचारायचा. प्रबोधने कधी त्या भानगडीत डोकं घातलं नाही. “तू आहेस ना बे,” म्हणायचा. दुकानात, दवाखान्यात, मॅनेजरसमोर, सगळीकडे प्रबोधचं तोंड म्हणजे नरेश. पहिला हंगाम बरा गेला. दुसऱ्यात प्रबोध चमकला. गावातली पोरं भिंतीवर चेंडू मारताना त्याच्यासारखा पाय उचलायला लागली.

दोन हजार आठच्या ऑगस्टमध्ये नरेशच्या लक्षात आलं की काहीतरी बिनसलंय. प्रबोधचा चेंडू मिटमध्ये, म्हणजे कॅचरच्या जाड चामडी मोज्यात, बसला की खणखणीत आवाज यायचा. तो आवाज बसका झाला. चेंडू उजव्या बाजूला घसरायला लागला. जेवताना प्रबोध चहाचा कप डाव्या हाताने उचलायला लागला. नरेशला हे सगळं दहा दिवस दिसत होतं आणि दहा दिवस तो कुणाला काही बोलला नाही. पुढच्या रविवारी एका मोठ्या संघाचा माणूस सामना पाहायला येणार होता. प्रबोधला पाहायला. पण पिचरला पाहायला आलेल्या माणसाच्या नजरेसमोर कॅचरही असतोच. प्रबोध बसला की नरेशही बसणार, दुसरा कॅचर खेळणार, हे ठरलेलं होतं.

शनिवारी सरावानंतर ओकामोतो-सानने दोघांना आपल्या खोलीत बोलावलं. ओकामोतो म्हणजे खेळाडूंचे हातपाय सांभाळणारा ट्रेनर. साठीला टेकलेला, मितभाषी, अंगाला कायम मलमाचा वास. त्याने प्रबोधचा कोपर हातात घेतला, वाकवला, दाबला आणि नरेशला म्हणाला, “विचार त्याला, दुखतंय का? खरं सांग म्हणावं. दुखत असेल तर उद्या बसवू. थोडे आठवडे जातील, पण हात वाचेल.”

नरेशने विचारलं.

“दुखून राह्यलं बे,” प्रबोध म्हणाला. “आतून सुई टोचल्यावानी. सांग त्याले.”

नरेश ओकामोतोकडे वळला. त्याच्या मनात एवढंच आलं की उद्याचा एक दिवस. एकच दिवस. परवा सांगू.

“इतामि वा नाइ सो देस,” तो म्हणाला. दुखत नाही, म्हणतो.

ओकामोतो बराच वेळ प्रबोधच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. प्रबोधला वाटलं, आपण सांगितलेलं त्याला कळलं. त्याने खात्री द्यावी तशी मान डोलावली. ओकामोतोनेही मान डोलावली आणि म्हणाला, “मग खेळू दे.”

“काय म्हणते त्यो?” प्रबोधने विचारलं.

“म्हणाला, खेळ,” नरेश म्हणाला. या वाक्यात खोटं काहीच नव्हतं, आणि पुढे कितीतरी वर्षं त्याला त्याचीच जास्त किळस येत राहिली.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या इनिंगमध्ये नरेशने दोन बोटं दाखवून वळणारा चेंडू मागितला. प्रबोधने हात फिरवला. वाळकी काडी मोडावी तसा आवाज नरेशला वीस पावलांवरून ऐकू आला. चेंडू त्याच्या डोक्यावरून मागच्या जाळीत गेला. प्रबोध कोपर धरून उभा होता. त्याने पंचाकडे पाहिलं नाही, मॅनेजरकडे पाहिलं नाही. नरेशकडे पाहिलं.

इस्पितळात मॅनेजरने नरेशला बाजूला घेतलं. “शनिवारी ओकामोतोने विचारलं होतं म्हणतो. हा काय म्हणाला होता?”

अजूनही वेळ गेली नव्हती. नरेशला हे तेव्हाही समजत होतं.

“दुखत नाही म्हणाला होता,” तो म्हणाला.

मग जे व्हायचं ते झालं. क्लबच्या लेखी खंडारे दुखणं लपवणारा खेळाडू ठरला आणि त्याला घरी पाठवायचं ठरलं. प्रबोधच्या लेखी ओकामोतो हा सांगूनही न ऐकणारा निर्दय माणूस ठरला. ओकामोतोने आपलं लक्ष कमी पडलं म्हणून राजीनामा दिला. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, आणि ज्याला दोन्ही भाषा येत होत्या तो गप्प होता. स्टेशनवर ओकामोतो प्रबोधला निरोप द्यायला आला आणि कमरेतून वाकून बराच वेळ तसाच उभा राहिला. प्रबोधने तोंड फिरवलं. नरेश प्रबोधची बॅग धरून दोघांच्या मधे उभा होता.

त्यानंतर नरेश आणखी दोन हंगाम खेळला. भाषा येते, शिस्तीचा आहे, म्हणून क्लबने ठेवला. एकदा स्थानिक पेपरात फोटोही आला. गुडघा गेल्यावर परत आला, शारीरिक शिक्षणाची पदवी घेतली, लग्न केलं, सिंगापूरला आला. प्रबोधच्या हाताचं ऑपरेशन उशिरा झालं आणि नीट झालं नाही. कोपर पुरता सरळही होईना आणि वाकेनाही. तो एका आश्रमशाळेत खेळाचा शिक्षक झाला. दर वर्षी चौदा एप्रिलला तो नरेशला फोन करायचा. दर जानेवारीत ओकामोतोचं नववर्षाचं कार्ड यायचं आणि त्यात एक ओळ हमखास असायची, ‘खंडारेचा हात कसा आहे?’ कार्डं नरेश ड्रॉवरमध्ये टाकायचा. पहिल्या दोनांना त्याने उत्तर दिलं. पुढे दिलं नाही.

प्रबोध आला तो ज्वारीचं पीठ, शेवया आणि जाईसाठी एक टोपी घेऊन. केस पांढरे व्हायला लागले होते, पण हसणं तेच. दुसऱ्या दिवशी रविवार होता. प्रियदर्शिनीने दुपारच्या जेवणाला सुबोध आणि चैत्रालीला बोलावलं. हे पुण्याचं जोडपं पासिर रिसला राहायचं. सुबोध आयटीत मॅनेजर होता आणि त्याला क्रिकेट सोडून कुठल्याही खेळाबद्दल ऐकायची हौस होती. प्रबोध जेवायला बसला तेव्हा सगळ्यांना दिसलं की त्याचा उजवा हात तोंडापर्यंत पुरता येत नाही. तो मान खाली नेऊन घास घेत होता.

“हे खेळतानाचंच का?” सुबोधने अदबीने विचारलं.

प्रबोधने सांगितलं. आढेवेढे न घेता, पुष्कळदा सांगितलेली गोष्ट सांगावी तसं. “तिथला ट्रेनर होता ना, म्हातारा. त्याने विचारलं, दुखतंय का. मी म्हटलं, सुई टोचल्यासारखं दुखतंय. या नरेशने त्याला सगळं सांगितलं, मी बाजूलाच उभा. तरी तो माझ्या तोंडाकडे बघून म्हणतो कसा, खेळ! काय करणार? परक्या देशात ऐकावं लागतं. हा होता म्हणून मी तिथे दिवस काढले. नाहीतर माझं ऐकणारं कोण होतं?”

सगळ्यांनी नरेशकडे पाहिलं. चैत्राली म्हणाली, “असा मित्र मिळायला भाग्य लागतं हो.”

“पप्पा, यू शुड हॅव स्कोल्डेड हिम!” जाई चिडून म्हणाली.

नरेशने ताट उचललं आणि “कोशिंबीर आणतो” म्हणून स्वयंपाकघरात गेला. कोशिंबीर टेबलावरच होती. सिंकचा नळ सोडून तो नुसता उभा राहिला. प्रियदर्शिनी मागोमाग आली आणि नळ बंद करून गेली.

जेवणं झाल्यावर प्रबोध त्याला गॅलरीत घेऊन गेला. “त्या ओकामोतोचा पत्ता आहे का बे तुह्याकडं? एक पत्र लिहायचं आहे. मी मराठीत देतो, तू जपानीत कर.”

“बघतो,” नरेश म्हणाला. “कुठेतरी असेल.”

मंगळवारी दुपारी तो प्रबोधच्या मुलींचा सराव बघायला मैदानावर गेला. अर्धा तास झाला नसेल, आभाळ काळं झालं आणि विजेच्या इशाऱ्याचा भोंगा वाजला. इशारा झाला की मैदान रिकामं करावंच लागतं. मुली किंचाळत शेडखाली पळाल्या आणि पेयांच्या मशीनभोवती गोळा झाल्या. नरेश आणि प्रबोध दुसऱ्या टोकाच्या बाकावर बसले. प्रबोधने खिशातून वहीचा कागद काढला.

“हे लिहिलं. वाच. काही चुकलं तर सांग.”

नरेशने वाचलं. ‘ओकामोतो साहेब, मी प्रबोध खंडारे, उजव्या हाताचा पिचर. मी दुखतंय म्हणालो होतो, तरी तुम्ही खेळ म्हणालात. मला आता भांडायचं नाही. माझ्याकडे मुली शिकतात. त्यांचा हात कधी थांबवायचा, हे मला नीट समजून घ्यायचं आहे. तुम्हाला माझ्या हातात तेव्हा काय दिसलं होतं आणि काय दिसलं नव्हतं, ते कळवाल तर उपकार होतील.’

शिव्याशाप असते तर नरेशने कदाचित तेही भाषांतर केलं असतं. त्याने शेवटची ओळ पुन्हा वाचली.

“प्रबोध, मी हे लिहू शकत नाही.”

“काहून? जपानी विसरला का?”

“तू जे म्हणालास, ते मी त्याला सांगितलंच नव्हतं.”

प्रबोध हसला. “म्हंजे?”

“तू म्हणालास, दुखतंय. मी त्याला म्हणालो, दुखत नाही म्हणतो. दुसऱ्या दिवशी तो माणूस बघायला येणार होता. तू बसला असतास तर मलाही बसवलं असतं. म्हणून.”

पाऊस पत्र्यावर जोरात सुरू झाला. प्रबोध त्याच्याकडे बघत होता, पण अजून काही पोचलंच नसल्यासारखा. मग म्हणाला, “कोणत्या शब्दात?”

“काय?”

“नेमकं काय म्हणाला होता तू? जपानीत म्हणून दाखव.”

“प्रबोध...”

“म्हण.”

“इतामि वा नाइ सो देस.”

प्रबोधने ते शब्द स्वतःशी हळू म्हणून पाहिले. “आणि मी मान हलवली होती,” तो म्हणाला. “मी बाजूले उभा राहून हो म्हटलं होतं.”

“हो.”

“आणि मॅनेजरने विचारलं असन.”

“त्यालाही तेच सांगितलं.”

“म्हंजे तिथं समदे समजत असतीन का खंडारे लबाड आहे.”

सांगितल्यावर हलकं वाटेल, असं नरेशने कधीतरी मनाशी धरलं होतं. तसं काही झालं नाही. आजवर त्याच्यापुरती असलेली लाज आता शेजारी बसलेल्या माणसाच्या डोळ्यांत दिसत होती, आणि तिथे ती कितीतरी मोठी होती.

अर्ध्या तासाने भोंगा पुन्हा वाजला, मैदान मोकळं झालं. प्रबोध उठला, नरेशच्या हातातला कागद घेतला, घडी करून खिशात ठेवला आणि मुलींकडे गेला. संध्याकाळी त्याने प्रियदर्शिनीला फोन केला. मुलींजवळ राहायला हवं, सामान उद्या घेऊन जाईन, म्हणाला. आवाज इतका सभ्य होता की तिला लगेच कळलं.

“काय झालं तुमच्यात?”

नरेशने तिला सांगितलं. जाई सोफ्यावर पुस्तक घेऊन बसली होती. तिला आत जा म्हणायचं त्याच्या ओठावर आलं होतं, पण तो म्हणाला नाही. प्रियदर्शिनीने सगळं ऐकून घेतलं. “बारा वर्षं संसार केला आपण,” ती शेवटी म्हणाली. “दर चौदा एप्रिलला तो फोन करायचा आणि तू गॅलरीत जाऊन बोलायचास. मला वाटायचं, तुम्हाला जुन्या गोष्टी बोलायच्या असतील.”

“सो यू लाइड?” जाई म्हणाली. “अंकल टोल्ड यू, अँड यू सेड द ऑपोझिट?”

“हो.”

“अँड आय सेड स्कोल्ड दॅट ओल्ड मॅन.” तिचा चेहरा कसनुसा झाला. ती उठून आपल्या खोलीत गेली. तिने दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं, असं नरेशला वाटलं.

शनिवारी प्रबोधचं विमान दुपारचं होतं. सकाळी दहाला बेल वाजली. दारात तोच होता, हातात प्रवासाची बॅग.

“ओकामोतोचा नंबर काढ,” तो उभ्याउभ्याच म्हणाला. “माझ्यासमोर फोन लाव. त्याले खरं काय ते सांग. मग मी जे म्हणन ते त्याले सांग, त्यो जे म्हणन ते मले सांग. जसंच्या तसं.”

नरेशने ड्रॉवरमधून कार्ड काढलं. त्यावर ओकामोतोच्या छोट्या दवाखान्याचा नंबर होता. फोन स्पीकरवर ठेवून तो टेबलाशी बसला. समोर प्रबोध. प्रियदर्शिनी भिंतीशी उभी. जाईही खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. पलीकडून म्हाताऱ्याचा आवाज आला. नरेशने नाव सांगितलं, आणि मग न थांबता ते सांगितलं. दोन मिनिटंही लागली नाहीत.

मग ओकामोतो बोलला आणि नरेशने ते मराठीत केलं, “तो म्हणतो, मी त्या दिवशी तुझ्या चेहऱ्याकडे पाहिलं होतं. चेहरा दुखतंय म्हणत होता. तरी मी याच्या शब्दावर गेलो. ही चूक माझी आहे.”

“सांग त्याले, त्याची चूक नाही,” प्रबोध म्हणाला. “मी इतकी वर्षं त्याले नावं ठेवली. पोरांसमोर ठेवली. त्याची मी माफी मागतो.”

नरेशने सांगितलं. मग प्रबोधने खिशातला कागद काढला आणि त्यातला शेवटचा प्रश्न विचारला. हात कधी थांबवायचा? ओकामोतो जवळजवळ वीस मिनिटं बोलला. कुठे दाबून बघायचं, फेकताना खांदा कसा पडतो, कुठल्या वयात आठवड्याला किती चेंडू, दुखणं लपवणारं मूल पाणी कुठल्या हाताने पितं. नरेश एकेक वाक्य मराठीत करत गेला आणि प्रबोध डाव्या हाताने कागद धरून उजव्या, न सरळ होणाऱ्या हाताने लिहीत गेला. एक शब्द नरेशला अडला तेव्हा त्याने अंदाजाने काही म्हटलं नाही. त्याने परत विचारून घेतला.

शेवटी ओकामोतोने विचारलं, “तायडेचं तुम्ही काय करणार?” नरेशला हेही मराठीत करावं लागलं.

प्रबोधने पेन बंद केलं. “सांग त्याले, या माणसाशी मी पुन्हा बोलन का नाही, ते मले आज माहीत नाही. अठरा वर्षांचा होतो तेव्हापासून माझं तोंड म्हणून मी याच्यावर विश्वास ठेवला. आता याचं कोणतं वाक्य खरं होतं न् कोणतं खोटं, हे मी कसं शोधू?”

प्रियदर्शिनीने पाण्याचा ग्लास पुढे केला. त्याने घेतला नाही. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, ‘या माणसाशी’सकट, त्याने ते जपानीत सांगितलं.

“वाकारिमाशिता,” ओकामोतो म्हणाला.

“कळलं, म्हणतो,” नरेश म्हणाला.

प्रबोध उठला. त्याने प्रियदर्शिनीचा निरोप घेतला, जाईच्या डोक्यावर हात ठेवला. नरेशने सवयीने त्याची बॅग उचलली. प्रबोधने ती शांतपणे त्याच्या हातातून काढून घेतली आणि लिफ्टकडे गेला.

सोमवारी नरेश अकादमीच्या प्रमुख मिस लिमकडे गेला आणि तिलाही सांगितलं. तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला. “सेव्हन्टीन इयर्स, आह? नाऊ ओन्ली यू टेल?” मग थोडा विचार करून म्हणाली की या वर्षी पिचर मुलं दुसऱ्या कोचकडे राहतील, नरेशने नवशिक्यांना घ्यावं. त्याने हरकत घेतली नाही. वेबसाइटवरची त्याच्या फोटोखालची ओळ काढायची का, असं तिने विचारलं. तो म्हणाला, राहू द्या, तेवढं खरं आहे. घरी येताना मेट्रोत त्याला वाटलं, काढा म्हणायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी त्याने ती काढायला लावली.

प्रबोध आणि ओकामोतो आता फोनवरच्या भाषांतराच्या अॅपने एकमेकांना मेसेज करतात, हे नरेशला प्रियदर्शिनीकडून कळलं. अॅप गमतीदार चुका करतं, पण दोघांचं निभतं. प्रबोधच्या मुली राज्य स्पर्धेत दुसऱ्या आल्या, त्याचा फोटो प्रियदर्शिनीच्या फोनवर आला. नरेशने अभिनंदनाचा मेसेज पाठवला. दोन निळ्या खुणा दिसल्या, उत्तर आलं नाही. पुढच्या महिन्यात त्याने आणखी एक पाठवला. पुढच्या वर्षी चौदा एप्रिलला फोन आला तो प्रियदर्शिनीला. दोघं दहा मिनिटं बोलले. नरेश त्याच खोलीत होता, आणि तो गॅलरीत गेला नाही.

जाई काही आठवडे त्याच्याशी तुटक वागली, मग हळूहळू पूर्ववत बोलायला लागली. फक्त मैत्रिणींना त्याची बोटं दाखवणं तिने बंद केलं. एका रविवारी हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या मांडवात, नूडल्स खाता खाता तिने विचारलं, “पप्पा, अंकल रिप्लाइड ऑर नॉट?”

“नाही.”

“यू वॉन्ट मी टू स्टॉप आस्किंग?”

“नको,” नरेश म्हणाला. “विचारत जा.”